चार्ज मूव्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न, बेसिकच्या पुढचे

कोल्हापुरात राजारामपुरीत रविवारी आमचा फायटिंग गेमचा (दोघं समोरासमोर लढतात ते व्हिडिओ गेम) सेटअप लागतो तिथं आणि नंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की लिंक टाकायची आणि विषय कट. चार्ज मूव्ह म्हणजे एक दिशा थोडा वेळ धरून ठेवली (हाच चार्ज), मग उलटी दिशा आणि बटण दाबलं की निघते ती मूव्ह. बेसिक येतंय असं धरलंय. म्हणजे ट्रेनिंग मोडमध्ये गाइल या कॅरेक्टरचा सॉनिक बूम (समोर फेकायचा गोळा) निघतो, फ्लॅश किक (कोलांटी मारत वर लाथ) पण निघते, पण मॅचमध्ये समोरचा अंगावर आला की काहीच निघत नाही, असा जो गडी आहे त्याच्यासाठी हे. उदाहरणं जास्त करून स्ट्रीट फायटर सिक्समधली आणि गाइलची आहेत, कारण आमच्यातली अर्धी पोरं तोच घेऊन बसल्यात. दुसऱ्या गेमचं असेल तिथं गेमचं नाव लिहिलंय.

आधी हे सांग, ४, ६, १ असले आकडे काय लिहितोयस?

कीबोर्डच्या उजव्या बाजूचा नंबरपॅड डोळ्यासमोर आण. ५ म्हणजे स्टिक मधोमध. ४ मागे, ६ पुढे, २ खाली, ८ वर, बाकीचे चार कोपरे. सगळं तू डावीकडं उभा आहेस असं धरून. चौकटी कंसातला आकडा धरून ठेवायचा, म्हणजे [४]६ पंच म्हटलं की मागे धर, मग पुढे आणि पंच. [२]८ किक म्हणजे खाली धर, मग वर आणि किक. जगभर हेच चालतं, त्यामुळं बाहेरचं काही वाचताना पण अडणार नाही.

चार्ज नक्की किती वेळ धरायचा? एक सेकंद ना?

नाही, आणि हा एक सेकंदच निम्म्या पोरांना मारतो. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमनं (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) चालतात आणि हिशोब फ्रेममध्येच असतो. सिक्समध्ये गाइलच्या सॉनिक बूमला ४५ फ्रेम लागतात, म्हणजे पाऊण सेकंद. तू एक सेकंद मोजत बसलास तर १५ फ्रेम फुकट घालवल्यास, आणि १५ फ्रेममध्ये समोरच्याची जॅब (हलका झटपट ठोसा) सुरू होऊन, लागून, हात परत जाग्यावर पण येतो. स्ट्रीट फायटर फोरमध्ये हाच बूम ५५ फ्रेम मागायचा, म्हणून तिथनं आलेले खेळाडू सिक्समध्ये उगाच थांबून थांबून खेळतात. बाकीच्या कॅरेक्टरांच्या मूव्हला थोडं कमी-जास्त असतं, ते फ्रेम डेटामध्ये (कुठल्या मूव्हला किती फ्रेम याची यादी) बघ.

पण खरं सांगू का, आकडा पाठ करून काय होत नाही. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट हिस्टरी चालू कर. डाव्या बाजूला बाणांची यादी येते, नवीन बाण वर आणि जुने खाली सरकत जातात, आणि प्रत्येक बाणाशेजारी तो किती फ्रेम धरला होता ते लिहून येतं. बूम मार, आणि त्याच्या खालच्या ओळीतल्या ४ किंवा १ च्या बाणाशेजारचा आकडा बघ. ७० दिसतोय? ८०? मग तू प्रत्येक बूममागं अर्धा अर्धा सेकंद देणगी देतोयस. तो आकडा ५० च्या खाली येईपर्यंत मारत राहा, मूव्ह निघाली नाही तरी चालेल, थोडी लवकर मारून फसणं हेच शिकायचंय. त्यातनं हाताला ४५ कळतं, डोक्याला नाही.

चार्ज पूर्ण होता, शप्पथ. तरी मूव्ह निघाली नाही. का?

परत इनपुट हिस्टरी बघ, ती खोटं बोलत नाही. बहुतेक वेळा पंच ६ च्या आधी पडलेला असतो. घाईत अंगठा पोचायच्या आधी दुसरा हात मोकळा होतो. पंच ६ बरोबर किंवा ६ नंतर किंचित उशिरा चालतो, आधी पडलेला अजिबात चालत नाही. दुसरं कारण पॅडवाल्यांचं: १ वरनं ६ ला जाताना अंगठा २, ३ असा गोल फिरवत नेतात, फायरबॉल मारायची सवय असते ना. त्यात वेळ जातो आणि गेमनं चार्ज जपून ठेवायची जी छोटी मुदत दिलेली असते ती संपते. १ वरनं सरळ आडवा ६ वर जा, मधे ५ आला तरी हरकत नाही.

फ्लॅश किकमध्ये उलटी भानगड होते. ८ दाबला आणि किक उशिरा पडली की कॅरेक्टर उडी मारतं आणि वर हवेत नुसती लाथ. ८ आणि किक एकदमच टाक. ७ किंवा ९ गेला तरी चालतं, वरची कुठलीही दिशा घेते.

१ धरलं की दोन्ही चार्ज होतात, मग कायम १ वरच बसायचं ना?

१ मध्ये ४ पण आहे आणि २ पण आहे, म्हणून दोन्ही भरतात, शिवाय खालचा ब्लॉक पण मिळतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. याच्या पुढचं कमी लोक वापरतात: ७ मध्ये पण ४ आहे. म्हणजे मागं उडी मारलीस तरी मागचा चार्ज जात नाही, उलट हवेत असताना भरतो, आणि खाली उतरलास की बूम तयार. तसंच ३ मध्ये २ आहे, त्यामुळं ३ वर गेलास तरी खालचा चार्ज टिकतो, फक्त तिथं ब्लॉक होत नाही, ते ध्यानात ठेव.

आणि कायम १ वर बसलास तर समोरच्याला तू चालतच नाहीस हे दिसतं. चार्जवाल्याचा खरा प्रॉब्लेम हाच असतो. चार्ज सगळ्यांचाच भरलेला असतो हो, पण तो भरलाय हे समोरच्याला पण दिसत असतं.

मग "लपवून चार्ज" म्हणतात ते काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून इथं जरा जास्त लिहितो. गेमला तुझं कॅरेक्टर काय करतंय याच्याशी देणंघेणं नसतं, तुझी स्टिक कुठं आहे एवढंच तो मोजत असतो. कॅरेक्टर लाथ मारतंय, उडीत आहे, मार खातंय, जमिनीवर पडलंय, ब्लॉक करतंय, या सगळ्या वेळी तुझा डावा हात मोकळाच असतो. तो रिकामा हात ज्यानं वापरला तो चार्जवाला, आणि जो सगळं ॲनिमेशन संपल्यावर "आता चार्ज करूया" म्हणून बसतो तो नुसता बसणारा. चार्जसाठी वेगळा वेळ काढायचाच नाही, दुसऱ्या कामात गेलेल्या वेळात तो भरून घ्यायचा.

आता हे जवळनं बघ. गाइलचा ६ हेवी पंच आहे, गोल फिरून मागच्या हातानं मारतो तो, बॅकनकल म्हणतात त्याला. मारताना पुढं सरकतो आणि ॲनिमेशन चांगलं लांब आहे. ६ आणि पंच पडल्या पडल्या स्टिक १ वर आण, हात फिरून परत येईपर्यंत चार्जचा मोठा हिस्सा भरलेला असतो. समोरच्याच्या नजरेत तू आत्ता पुढं आलास, म्हणजे चार्ज नाही, म्हणून तो निवांत पाय टाकतो, आणि तेवढ्यात बूम. आमच्याकडं म्हणतात तसं, खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.

यात एक गोम आहे. मागचा चार्ज भरलेला असताना ६ हेवी पंच दाबलास तर तो ठोसा येणार नाही, बूम येईल, कारण इनपुट तेच आहे. म्हणून हा ठोसा हवा असेल तर आधी १ वर नको, २ वर बस. खालचा चार्ज राहतो, मागचा रिकामा, आणि ठोसा बरोबर निघतो. ग्रुपवर "माझा बॅकनकल का येत नाही" विचारणाऱ्या सगळ्यांना हे एकच उत्तर.

एक बूम मारल्यावर दुसरा लगेच कसा येतो लोकांचा?

६ वर रेंगाळू नको एवढंच. नवीन पोरगा बूम मारतो आणि तो जाताना बघत बसतो, अंगठा अजून ६ वर. अनुभवी खेळाडूची स्टिक ६ ला नुसती शिवून येते, बूम हातातनं सुटायच्या आत ती १ वर पोचलेली असते. बूम मारून सावरेपर्यंतचा सगळा वेळ पुढच्या चार्जमध्ये जमा होतो, मग वरनं थोडंच थांबावं लागतं. इनपुट हिस्टरीत ६ च्या शेजारी किती आकडा येतोय बघ. एक आकडीत, तो पण लहान असला पाहिजे.

उडी मारून आलो की खाली काहीच कॉम्बो (एकामागोमाग न सुटता लागणारे फटके) होत नाही. चार्ज कुठनं आणू?

उडीतनंच. ९ दाबून उडी घेतलीस की पाय सुटल्याबरोबर स्टिक १ वर. हवेत स्टिकनं दिशा बदलत नाही, त्यामुळं तू पुढंच जाणार, पण चार्ज मात्र मागचा आणि खालचा दोन्ही भरत राहतो. सिक्समध्ये पूर्ण उडी ४० ते ४५ फ्रेमच्या आसपास जाते, त्यात उडीची लाथ लागली की दोघं क्षणभर गोठतात ती हिटस्टॉप, आणि खाली उतरून १ धरूनच क्राउच मीडियम पंच (बसून मारलेला मधला ठोसा). एवढं होईपर्यंत चार्ज भरून वर उरतो. पोरं उडीत ९ च दाबून ठेवतात, खाली येईपर्यंत. ही सवय मोडायला वेळ लागतो पण एकदा मोडली की चार्ज कॅरेक्टरचे अर्धे कॉम्बो आपोआप सुटतात.

डॅश केला की चार्ज गेलाच ना?

आधीचा गेला. पण डॅश, म्हणजे झटकन पुढं सरकणं, हे पण एक ॲनिमेशनच आहे. ६, ६, आणि दुसरा ६ सोडला की लगेच १. डॅश संपेपर्यंत बरंच काही भरतं, मग एखादी जॅब किंवा क्राउच लाइट टाकून उरलेलं भरून घ्यायचं.

सिक्समधल्या ड्राइव्ह रशला (मीटर खर्चून जोरात पुढं धावणं) हेच. नॉर्मल (साधा ठोसा किंवा लाथ) मधेच कॅन्सल करून रश घेताना ६६ मुळं चार्ज शून्य होतो, म्हणून रशनंतर पहिली नॉर्मल टाकतानाच १ धरलेलं पाहिजे. रशमधनं मारलेल्या नॉर्मलनंतर समोरचा जास्त वेळ अडकतो, तोच वेळ आपल्याला चार्जला मिळतो. पॅरी (येणारा फटका झेलणं) धरून असशील तेव्हा पण स्टिक ४ वर ठेवता येते, हे लई जण विसरतात.

पर्फेक्ट बूम खरंच शिकावा का? मला जमतच नाही.

सिक्समध्ये ६ आणि पंच अगदी एकाच फ्रेमला पडले तर बूमला पर्फेक्ट टायमिंग मिळतं आणि फ्रेमचा फायदा वाढतो. फ्लॅश किकला पण तसंच आहे. हिस्टरीत ६ चा बाण आणि पंच एकाच ओळीत आले की समजायचं जमलं, दोन ओळीत आले की साधा.

शिकावं असं माझं मत, पण शेवटी. आधी चार्ज लपवायला शीक. कारण हळू लपवलेला साधा बूम जितका मार देतो तितका उघड्यावर मारलेला पर्फेक्ट बूम देत नाही. शिकताना दोन हात वेगवेगळे चालवू नको, दोन्हीचा एकच टप्पा आवाज आला पाहिजे. टेबलवर बोटं आपटून केलंस तरी चालतं, घरचे वैतागतील तेवढं बघ.

चार्ज पार्टिशनिंग म्हणजे काय, आणि ते सिक्समध्ये चालतं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी: नाही, त्यासाठी सिक्समध्ये डोकं घालू नको. ही करामत स्ट्रीट फायटर थ्री, थर्ड स्ट्राइकची, १९९९ चा गेम.

बाकी गेममध्ये चार्ज अर्धवट असताना ४ सोडलंस की शून्यापासनं सुरुवात. थर्ड स्ट्राइकमध्ये तसं नाही. अर्धवट सोडलंस तर झालेला चार्ज थोड्या फ्रेमसाठी तसाच राहतो, आणि त्या मुदतीत परत ४ धरलंस की पुढनं मोजणी चालू. रिक्षातनं उतरून पटकन मिसळ पार्सल घेऊन आलास तर मीटर काय परत शून्यावर येत नाही, तसं. मुदत चुकवलीस तर मात्र रिक्षा गेली.

याचा उपयोग काय? मधे डॅश घालता येतो. समज युरिअन घेतलाय, त्याचा टॅकल म्हणजे [४]६ किक. एखादी नॉर्मल मारताना ४ धरून थोडा चार्ज, मग ६६ करून डॅश, डॅश चालू असतानाच परत ४ धरून उरलेला चार्ज, आणि ६ किक. बघणाऱ्याला वाटतं हा डॅश करून आला आणि चार्ज न करताच टॅकल मारला. ज्या जागी चार्ज असणं शक्यच नाही तिथनं मूव्ह निघते, आणि कोपऱ्यात हवेत उडवलेल्या गड्याला परत परत उचलता येतं. जपानचा आरएक्स हा खेळाडू युरिअनवर हे ज्या सहजतेनं करायचा ते व्हिडिओ बघच. रेमी, ॲलेक्स, क्यू यांना पण चार्ज मूव्ह आहेत आणि तिथं पण हे लागू होतं, पण युरिअनइतका फायदा कुणालाच नाही.

शिकायचं असेल तर तीन तुकडे वेगळे कर. आधी नुसतं ६६ आणि लगेच ४, हे घाईत न अडखळता झालं पाहिजे, कारण मुदत इथंच चुकते. मग डॅशच्या आधीचा तुकडा मोठा ठेवून नंतरचा लहान. मग उलटं. तिन्ही एकदम करायला गेलास की काय चुकलं तेच कळत नाही. गेम कायदेशीर हवा असेल तर २०१८ च्या थर्टीएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये थर्ड स्ट्राइक आहे.

सॉनिक बूम मारून लगेच सुपर कसा निघतो? दोन वेळा चार्ज करायला वेळच नसतो.

दोन वेळा करायचाच नाही. [४]६४६ असा जो सुपर (मीटर भरला की मिळणारी मोठी मूव्ह) असतो त्यातलं पहिलं ४६ बूमनंच करून दिलेलं असतं. म्हणजे [४]६ पंच टाकून बूम काढला, की लगेच ४६ आणि सुपरचं बटण. गेम मागचा इतिहास बघतो, त्याला चार्ज, ६, ४, ६ सगळं ओळीनं सापडतं, आणि तो खूश. पहिल्यांदा हे कळलं की पोरं तासभर तेवढंच करत बसतात. पूर्ण [४]६४६ वेगळं करायला गेलास तर कॉम्बो केव्हाच तुटलेला असतो.

फोरमधला [१]३१९ हा प्रकार मात्र खरंच त्रासाचा होता. तो आठवून कुणी सिक्सला नावं ठेवू नये.

बटण धरून ठेवायचे चार्ज पण असतात ना?

असतात, बॉक्सर बॅलरॉगचा टर्न पंच घे. तिन्ही पंच किंवा तिन्ही किक धरायच्या आणि सोडायच्या, जितकं जास्त धरशील तितका वरच्या लेव्हलचा ठोसा. यात मजा अशी की स्टिक पूर्ण मोकळी राहते, चालू शकतोस, उडी मारू शकतोस, आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. तिन्ही किक दाबून धरून नुसत्या पंचांवर मॅच खेळायची आणि एकदम किक सोडायच्या. त्यासाठी बोटांची मांडणी आधी ठरवावी लागते, पॅडवर तर दोन किक खांद्याच्या बटणांवर नेल्याशिवाय जमत नाही.

टेक्कनमध्ये वगैरे बटण धरून मूव्ह जोरात मारतात, ती वेगळी गोष्ट. तिथं मूव्ह सुरू झाल्यावर धरतात, इथं आधीपासनं.

निगेटिव्ह एज म्हणजे?

बटण सोडणं हे पण दाबल्यासारखं धरलं जाणं. स्ट्रीट फायटरच्या बऱ्याच गेममध्ये स्पेशल मूव्हला (बूम, फ्लॅश किक असल्या) हे चालतं. फायदा: नॉर्मल दाबून धर, ६ कर आणि सोड, बूम. तोटा: नको तेव्हा निघतो. चार्ज भरलेला असताना बटणं धरून बसायची सवय असेल तर आधी ती सोड.

समोरचा डोक्यावरनं उडून पलीकडं गेला की माझं सगळं गंडतं.

गंडणारच, बाजू बदलली की तुझा ४ आता ६ झाला. मागचा चार्ज गेला म्हणून समज. पण २ ला डावं-उजवं नसतं, खालचा चार्ज जाग्यावर आहे. म्हणून क्रॉस-अपची भीती असेल तिथं फ्लॅश किकवर विश्वास ठेव, बूमवर नको. आणि तो डोक्यावर आला की घाबरून स्टिक हलवू नको, नेमकं तिथंच पोरं २ सोडतात.

चार्जवाल्याच्या विरुद्ध कसं खेळू? गाइल समोर आला की डोकं उठतं.

त्याचे पाय बघ. गाइल पुढं चालला म्हणजे मागचा आणि खालचा दोन्ही चार्ज त्या क्षणी गेले. पुढचा पाऊण सेकंद बूम नाही, फ्लॅश किक नाही. उडी मारायची असेल तर तेव्हा, ड्राइव्ह रश घ्यायचा असेल तर तेव्हा. तो मागं चालत असेल तर मागचा चार्ज भरतोय पण खालचा नाही, म्हणजे बूम येईल, फ्लॅश किक नाही. तो बूमची वाट बघायला लावत असेल तर उडी मारायच्या मोहात पडू नको, चालत चालत ब्लॉक करत पुढं जा. कोपऱ्यात गेलेला गाइल मागं सरकू शकत नाही, आणि जागा नसलेला चार्जवाला निम्माच उरतो.

हे वाचल्यावर चार्ज लपवणं का शिकायचं ते पण कळेल, कारण चांगला खेळाडू तुझे पाय असेच वाचत असतो.

गाइल म्हणजे बसून खेळणाऱ्यांचं काम, त्यात काय स्किल?

हा प्रश्न नसून टोमणा आहे, पण रोज येतो म्हणून घेतलाय. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू पासनं गाइलला हे ऐकायला लागतंय. नकलडू या अमेरिकन खेळाडूनं २०१६ चा कॅपकॉम कप (स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कंपनीची स्पर्धा) जिंकला तो आर. मिका आणि गाइल घेऊन, आणि त्याचा गाइल बसणारा नव्हता, अंगावर येणारा होता. बूम मारायचा आणि बूमच्या मागनं स्वतः चालत यायचं, बूम ब्लॉक होईपर्यंत तो शेजारी उभा. बसून राहणं ही गाइलची पहिली इयत्ता आहे, काही जण तिथंच पास होऊन थांबतात हा त्यांचा प्रश्न.

पॅड, स्टिक, लिव्हरलेस का कीबोर्ड?

चार्जसाठी बटणवाला लिव्हरलेस सगळ्यात सोपा, कारण ४ वरनं ६ वर जायला स्टिकला प्रवास करायला लागतो, बटणाला नाही. पण पंधरा-वीस हजाराचा कंट्रोलर घ्यायच्या आधी पीसीचा साधा कीबोर्ड वापरून बघ, तो लिव्हरलेसच आहे. स्वस्त कीबोर्डमध्ये एकदम तीन-चार बटणं दाबली की एखादं गायब होतं, ते आधी तपास, नाहीतर दोष स्वतःला देत बसशील.

यातच एसओसीडी येतं, म्हणजे डावं आणि उजवं एकदम दाबलं तर काय व्हायचं. काही कंट्रोलरमध्ये "शेवटी दाबलेलं जिंकतं" अशी सेटिंग असते. मग ४ सोडायचंच नाही, वरनं ६ टिचकी मारायची, बूम निघतो आणि ६ सुटताच ४ परत चालू. चार्जवाल्याला हा सरळसरळ फुकटचा फायदा आहे, म्हणून कॅपकॉमच्या स्पर्धांमध्ये ते चालत नाही. जपानी खेळाडू दाइगो उमेहारा गाइल खेळत होता तेव्हा २०१९ मध्ये त्याच्या गॅफ्रोबॉक्स कंट्रोलरवरनं हाच वाद झाला आणि तो वापरता येणार नाही असं ठरलं. आमच्या रविवारच्या खेळात पण डावं अधिक उजवं म्हणजे शून्य, हाच नियम. घरी वेगळी सेटिंग लावून सराव केलास तर इथं येऊन हात रडतील.

पॅडवाल्यांना एकच सांगणं, १ धरताना अंगठा खाली आणि डावीकडच्या मधल्या खाचेत ठेव, डाव्यावरनं सरकवत आणू नको. वापरून गुळगुळीत झालेल्या डी-पॅडवर १ च्या जागी नुसता २ लागतो आणि तू गेमला शिव्या देतोस.

दुसऱ्या गेममध्ये हे ज्ञान कामाला येतं का?

येतं. गिल्टी गिअर स्ट्राइव्हमधली मे, डॉल्फिनवर बसून "तोत्सुगेकी" ओरडत येते ती, तिचे दोन्ही डॉल्फिन चार्जचेच आहेत, [४]६ आणि [२]८. तिथं गेम इतका पळतो की डॉल्फिनच्या ॲनिमेशनमध्ये चार्ज भरला नाहीस तर परत कधी भरशीलच असं नाही. लिओ पण बघ. किंग ऑफ फायटर्समध्ये लिओना. पूर्वी पार्लरमध्ये कॉइन टाकून नाइन्टी सेव्हन खेळलेले जे काका लोक आहेत त्यांना लिओनाचं मून स्लॅशर अजून झोपेत पण येतं, त्यांच्याकडं बस एकदा. मशीनची स्टिक ढिली असायची, त्यावर शिकलेला हात कुठंच अडत नाही.

सिक्समध्येच बघायचं तर ब्लांका, होंडा, डी जे, चुन-ली आणि २०२४ ला आलेला बायसन, या सगळ्यांना थोडाफार चार्ज आहेच.

ऑनलाइन चार्ज जास्त फसतो, मनाचे खेळ का खरंच?

दोन्ही. रोलबॅकमध्ये (ऑनलाइन लॅग लपवायची पद्धत) तुझी बटणं तुझ्या मशीनवर तशीच नोंदली जातात, चार्ज कापला जात नाही. पण टीव्ही गेम मोडवर नसेल तर चित्र उशिरा येतं, तू जे बघून बूम मारतोस ते आधीच घडून गेलेलं असतं. गेम मोड लाव, वायफाय सोडून केबल टाक, आणि पावसाळ्यात राउटर इन्व्हर्टरवर घे. शेवटचं स्ट्रीट फायटरसाठी नाही, एकूणच.

सराव काय करू, रोज अर्धा तास मिळतो.

अर्धा तास भरपूर. डमीला (ट्रेनिंग मोडमधला समोरचा पुतळा) उडी मारून यायला रेकॉर्ड कर, कधी समोरनं, कधी डोक्यावरनं, दोन्ही आलटून पालटून चालव, आणि तू फक्त फ्लॅश किक मारायची. दहा मिनिटं हेच. मग डमी उभा ठेवून ६ हेवी पंच, बूम, ६ हेवी पंच, बूम, मधे २ वर बसायला विसरायचं नाही. उरलेल्या वेळात मॅच खेळ, पण जिंकायला नको, एकच गोष्ट ठरवून खेळ, उदाहरणार्थ आज प्रत्येक उडीत स्टिक १ वर येते का. रिप्लेमध्ये इनपुट दिसतात, एक राउंड बघितला तरी कळतं.

पाच-सहा गोष्टी एकदम सुधारायला गेलेले आठवड्यात र्‍यू (चार्ज नसलेलं कॅरेक्टर) घेऊन परत येतात.

मला गाइल आवडत नाही पण चार्ज शिकायचाय. कोण घेऊ?

होंडा घे जर लवकर जिंकायचं असेल तर, त्याचं डोकं [४]६ पंचनं उडत येतं आणि खालच्या रँकला कुणाला ते थांबवता येत नाही. पण वर गेलास की सगळ्यांना येतं, मग अडकशील. चुन-लीमध्ये चार्ज पण आहे आणि साध्या मूव्ह पण, हात दोन्हीला तयार होतो, फक्त शिकायला जड. माझं विचारशील तर ब्लांका. कमी वेळात मजा येते, समोरच्याला राग येतो, आणि रविवारी आमच्याकडं सध्या कुणी ब्लांकावाला नाही, त्यामुळं ये, खुर्ची रिकामी आहे. पॅड मात्र स्वतःचा आण.